गोधडीची स्टेपनी

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा पप्पांनी तिच्यातली एकच गोष्ट नीट पाहिली, ती म्हणजे डिकी. शोरूममधला विक्रेता मला मोठ्या स्क्रीनवर नकाशा दाखवत होता, आई मागच्या सीटवर बसून गादी दाबून बघत होती, आणि पप्पा डिकीतला गालिचा उचलून आत वाकले होते. आत एक छोटा पंप होता आणि पांढऱ्या औषधाची एक बाटली. पप्पांनी बाटली कानाशी नेऊन हलवली आणि विचारलं, "स्टेपनी कुठाय?"

विक्रेता म्हणाला, या गाडीला स्टेपनी येत नाही. जागा वाचते, वजन वाचतं. पंक्चर झालं की बाटलीतलं औषध टायरमध्ये सोडायचं, पंपाने हवा भरायची आणि निघायचं. टायर बाजूने फाटला तर काय, असं पप्पांनी विचारलं. तर फोन करायचा, माणूस येतो. पप्पांनी बाटली जागेवर ठेवली, त्याचे आभार मानले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ही शांतता मी लहानपणापासून ओळखते. अशाच शांततेनंतर आमचा चालू मिक्सर दोनदा खोलला गेला आहे.

पप्पांचं सगळं आयुष्य पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हत्याराशिवाय घराबाहेर पडणं त्यांना अजूनही अनवाणी निघाल्यासारखं वाटतं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. पिंपळे गुरवहून रोज जाते-येते. त्यामुळे माझं वाहन हे आपलं खातं आहे, असं ते धरून चालतात.

महिन्याभरात डिकीत एक चाक आलं. त्याच गाडीच्या पेट्रोलवाल्या मॉडेलचं, साध्या लोखंडी रिमचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. चाचा आणि पप्पा जुने दोस्त. संध्याकाळचा चहा एकत्र पितात आणि जगातल्या सगळ्या यंत्रांना नावं ठेवतात. चाक चाचांनीच शोधून दिलं होतं. चाकाबरोबर जॅक, पाना, पान्यात घालून जोर लावायला लांब पाइप, चाकाखाली लावायला लाकडाचे दोन ठोकळे, हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला पोत्याचा तुकडा. माझी सुटे भागांची खोकी ठेवायला बोटभर जागा उरली नाही.

मी चाक काढून गॅलरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत डिकीत. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. शेवटी मी त्यांना समजावायला गेले की जादा वजनाने एका चार्जिंगमध्ये गाडी कमी पळते. पप्पांनी चाक उचलून वजनकाट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि तुझी आई बसते तेव्हा गाडी किती कमी पळते, असं शांतपणे विचारलं. आई स्वयंपाकघरात होती. त्या रात्री आम्हा दोघांनाही भाजीत मीठ नव्हतं.

मग मी कारस्थान केलं. बाजारातून स्टेपनीला घालतात तसलं काळं गोल कव्हर आणलं. त्यात आईची जुनी गोधडी गुंडाळून, दाबून भरली आणि वरून दोरी आवळली. लांबून कुणालाही चाकच वाटावं. खरं चाक रविवारी पप्पा बाहेर गेल्यावर चाचांच्या दुकानात नेऊन ठेवलं आणि पप्पांना सांगू नका अशी विनवणी केली. चाचांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. "बेटा, माझ्या तोंडाला कुलूप," म्हणाले. कव्हर पप्पांना फार आवडलं. आता कशी शिस्त आली, म्हणाले. मला जरा लाज वाटली, पण गोधडी एका हाताने उचलून बाजूला करता येत होती, त्यामुळे फार वाटली नाही. पुढे एकदोन आठवडे कव्हर मी बाजूला केलं, मग कारखान्यातून खोकी आणणं बंद झालं आणि मी डिकीकडे बघायचंही सोडलं.

त्यानंतर महिन्याभराने मावसभावाचा साखरपुडा होता, चाकणच्या एका हॉलमध्ये. मी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसले होते. आई मागे, पप्पा शेजारी. मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल मागे टाकला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. कडेला घेऊन उतरले तर पुढचं डावं चाक जमिनीला टेकलेलं. खोकी बांधायची एक पत्र्याची पट्टी टायरच्या बाजूत घुसली होती. असल्या पट्ट्या आमच्या कारखान्यात ढिगाने असतात. मी ती ओढून काढली आणि शोरूमवाल्याच्या शब्दाला जागून बाटलीतलं औषध टायरमध्ये सोडलं. ते एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने शांतपणे रस्त्यावर आलं. दूध उतू गेल्यासारखं पांढरं थारोळं झालं.

पप्पा हाताची घडी घालून बघत होते. त्यांनी मला सगळी बाटली संपवू दिली. मग म्हणाले, "चल, स्टेपनी काढ."

मी आधी मदतीचा फोन लावला. तासदीड तास लागेल, असं पलीकडून उत्तर आलं. आईने घड्याळ पाहिलं. आता कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. मी डिकीजवळ उभी राहून, खाली मान घालून सांगितलं की पप्पा, त्या कव्हरमध्ये चाक नाही, गोधडी आहे.

"बघ तरी," पप्पा म्हणाले.

मी दोरी सोडली. आत चाक होतं. लोखंडी, काळं, हवा भरलेलं.

झालं होतं असं की चाचांच्या तोंडाचं कुलूप पहिल्याच चहाला उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघांनी तसंच दुसरं कव्हर आणून त्यात चाक घातलं होतं आणि ते घरी माळ्यावर लपवलं होतं; खोकी येणं बंद होईपर्यंत माझं गोधडीवालं कव्हर डिकीतच राहू दिलं होतं. म्हणजे माझ्या फसवणुकीचीही त्यांच्याकडे स्टेपनी होती. खोकी थांबल्यावर त्यांनी अदलाबदल केली. गोधडी आईने धुऊन आठवडाभर गॅलरीत वाळत घातली होती. मी तिच्याच शेजारी उभी राहून रोज सकाळी चहा प्यायचे.

"तीन आठवडे घेऊन फिरतेयस," पप्पा म्हणाले. "गाडी कमी पळाली?"

आई मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होती, म्हणजे तीही कटात होती.

मधल्या महिन्यात पप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यामुळे साडी खोचून पोत्याच्या तुकड्यावर मीच बसले आणि ते शेजारी उभं राहून हुकूम सोडू लागले. आधी ठोकळे, मग नट अर्धे ढिले, मग जॅक. बाजूला वाहतूक तुंबली होती. कंपनीच्या एका बसमधून शिफ्टला निघालेले लोक खिडकीतून आम्हाला पाहत होते. कांद्याच्या गोण्या घेऊन चाललेल्या टेम्पोवाल्याने थांबून, ताई मदत करू का, असं विचारलं. पप्पांनी त्याला सांगितलं की ती करतेय.

जॅक मात्र पप्पांनी स्वतः सरकवला. नेहमीच्या सवयीने गाडीच्या पोटाखाली, बराच आत. मी त्यांचा हात धरला.

"पप्पा, तिथं नाही. तिथं बॅटरी आहे."

ते थांबले. वाकून खाली पाहिलं. पोटाखाली सगळीकडे एकच सपाट पत्रा होता, त्यांना ओळखीचं काहीच दिसेना. मोठमोठी मशीनं नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस त्या पत्र्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग जॅक माझ्याकडे सरकवून त्यांनी विचारलं, "मग कुठं लावायचा?"

आजवर त्यांनी मला हत्याराबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यांना बरोबर पकडलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कडेच्या पट्टीवर चाकामागे एक खाच असते. मी त्यांचं बोट धरून ती त्यांना हाताने दाखवली. त्यांनी ती दोनदा चाचपली आणि चांगली जागा काढलीय, म्हणाले. गाडी बनवणाऱ्याला त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी.

चाक बदलून झालं. नट आवळताना पाइपवर पाय देऊन उभी राहिले तेव्हा बसमधून कुणीतरी टाळी वाजवली. हॉलवर पोचलो तर त्रिसरण-पंचशील संपून अंगठ्या घालणं चाललं होतं. माझ्या साडीवर काळा पंजा उमटला होता, तो सगळ्या फोटोंमध्ये आहे. जेवणं चालू असताना मदतवाल्याचा फोन आला, तो इंद्रायणीच्या पुलावर आमची गाडी शोधत होता. पप्पांनी माझ्याकडून फोन घेऊन त्याला जेवायला बोलावलं. तो आला आणि दोन जिलब्या जास्तीच्या खाऊन गेला.

त्या रविवारी पप्पांनी गाडीचं माहितीपुस्तक मागून घेतलं. इंग्रजी आहे, म्हणून हाताशी शब्दकोश. आता रोज दुपारी गॅलरीत बसून पेन्सिलीने खुणा करत वाचतात आणि अडलं की मला कारखान्यात फोन करतात. परवाचा फोन जरा वेगळा होता. ही गाडी बंद पडली तर दोरीने ओढायची नाही, चारही चाकं जमिनीवरून उचलून न्यावी लागतात, असं पुस्तकात लिहिलंय, हे खरं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पलीकडे शोरूमहून घरी येतानाची तीच शांतता पसरली, आणि मागे चाचा खोकत कुणाला तरी ट्रॉलीचा भाव विचारताना ऐकू आले.