खड्डा पडला, शिंग वाचलं

बायांनो, आज बैलानं माझं तोंड बंद केलं.

पोरानं गोठ्याची नवी भिंत हलक्या सिमेंटच्या विटांनी बांधली. मी म्हणलं, "ह्या तर पावासारख्या भुसभुशीत हायत!"

सकाळी आमचा काळ्या बैल बिथरला अन् भिंतीवर धडकला. जुन्या दगडी भिंतीवर असंच धडकून त्याच्या जोडीदाराचं शिंग मोडलं होतं. त्यात पोळा तोंडावर. पळत गेले तर विटंत वाटीएवढा खड्डा, शिंग मात्र शाबूत!

पोरगा म्हणला, "माय, विटंत हवेची बारीक भोकं असत्यात. ती चुरली अन् सगळा मार पिऊन गेली."

म्हणलं, "बरं झालं. खड्डा लिंपता येतो, शिंग न्हाई."

पोळ्याला त्या खड्ड्यालाबी कुंकू लावणार हाय. शिंगाला लाल रंग लावू का हिरवा, सांगा. पोराला इचारणार न्हाई, आधीच लई फुगलाय.