इंजिनाचा हार

गाडीला हार सगळेच ड्रायव्हर घालतात. कोणी पुढच्या काचेवर, कोणी बंपरवर, कोणी आतल्या देवाच्या तसबिरीला. आमचे नाना हार घालायचे तो थेट इंजिनाला. बॉनेट उघडायचं, पंख्यापासून लांब, बाजूच्या एखाद्या नळीला दोरा बांधून झेंडूचा छोटासा हार अडकवायचा, हात जोडायचे आणि बॉनेट लावून टाकायचं. बाहेरून कोणाला पत्ताही लागत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, काम करतंय ते आत बसलंय अन् हार काचेला. काचेनं काय केलंय?" 

नाना म्हणजे माझ्या वडिलांच्या ट्रकचे ड्रायव्हर. नाशिकला द्वारका चौकाजवळ वडिलांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं, एक खोली, एक टेबल, एक काळा फोन आणि दारात उभा असलेला एकुलता एक ट्रक. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते, ती तिथे बुकिंग बघायला बसू लागले. नाना मूळचे पेठ तालुक्यातले. अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, खिशात बडीशेपेची पुडी. ट्रकच्या पायरीवर बसून बडीशेप चघळताना ते जगातल्या कुठल्याही विषयावर मत द्यायचे, फक्त दुसऱ्याच्या गाडीबद्दल बोलायचे नाहीत. तिच्या ड्रायव्हरला वाईट वाटेल म्हणून.

त्यांची दुसरी सवय मात्र सगळ्यांचा जीव खायची. किल्ली फिरवली की समोर ऑइलचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की तो विझतो, हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. पण ते बघायला थांबतो कोण? नाना थांबायचे. किल्ली फिरवून दिव्याकडे टक लावून बघायचे, टोपीच्या कडेनं त्यावरची काच पुसायचे, मग स्टार्टर मारायचे आणि दिवा विझल्यावर मान डोलवायचे. हे रोज, प्रत्येक वेळी. "आधी लागला पायजे, मंग इझला पायजे. दोन्ही झालं तरच निघायचं." द्वारकेवरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांना दिवेवाले नाना म्हणत, आणि नानांना त्याचा अभिमानच होता.

एकदा किल्ली फिरवली आणि दिवा लागलाच नाही. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. नाना खाली उतरले. मागे टोमॅटो भरलेले, व्यापारी डोक्यावर बसलेला, वडील कपाळाला हात लावून उभे. नाना शांतपणे जाऊन नवा बल्ब घेऊन आले, बसवला, लागलेला बघितला आणि मगच हलले. मला म्हणाले, "लागलेल्या दिव्याचं भ्या नाय वाटत ताई. जो लागतच नाय, त्याचं लय भ्या वाटतं." तेव्हा मी हसले होते.

पुढे हेच वाक्य माझ्या कामाला आलं. झालं असं की सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याचा मुलगा आमच्याकडे गाडी बुक करायला यायचा. मग गाडी नको असली तरी यायला लागला. हे सगळ्यांत आधी नानांच्या लक्षात आलं. एकदा तो गेल्यावर बडीशेपेची पुडी माझ्यापुढे धरून त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "या पाव्हण्यांचा कांदा बारमाही निघतो का?" मी लाजले कसली, चिडले. पण महिनाभरात मीच धीर करून वडिलांना सांगितलं. वडिलांनी बोलणंच टाकलं. ऑफिसात आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि निरोप नानांमार्फत द्यायचो.

शेवटी नानाच वडिलांपुढे जाऊन उभे राहिले. "शेठ, पोरीनं तोंडानं सांगितलं हे चांगलं झालं का वाईट? दिवा लागला तर माणूस उतरून बघतो तरी. ती गप ऱ्हायली असती मंग?" दुसऱ्याच दिवशी वडिलांनी नानांना ट्रक काढायला सांगितला आणि दोघं सटाण्याला बोलणी करायला गेले. मुलगी बघायला ट्रकमधून येतात हे ऐकलंय, मुलगा बघायला ट्रकमधून गेलेले आमचे वडील एकटेच असावेत.

मुलाचे वडील भला माणूस. अडसर होता तो त्याच्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांनी पुतण्यासाठी दुसरी मुलगी मनात धरली होती. सगळ्यांनी समजावल्यावर ते कसेबसे कबूल झाले, पण एका अटीवर. वऱ्हाड ठरल्या मुहूर्ताला मांडवात पाहिजे, नाहीतर मी उठून जाणार. आणि ते उठले की त्यांच्या मागे अर्धं घर उठणार, हे सटाण्यातलं शेंबडं पोरही सांगत होतं. मुहूर्त दुपारचा होता. लग्न होईपर्यंत माझा जीव त्या मुहूर्तात अडकून राहिला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ऑफिससमोर वऱ्हाड ट्रकमध्ये चढलं. मागे सतरंज्या अंथरलेल्या, बायकांची गाणी सुरू झालेली, मामा फाळक्याला टेकून सगळ्यांना जागा वाटून देत होते. केबिनमध्ये आई आणि मी, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. नाना नवा कोरा सदरा घालून आलेले. त्यांनी त्या दिवशी इंजिनासाठी खास हार आणला होता, मनगटाएवढा जाड, आमच्याच ओळखीच्या माळ्याच्या मळ्यातला झेंडू. बॉनेट उघडून त्यांनी तो मला दाखवला. "तुझ्या लग्नाचा हाय. इंजिनालाबी वाटलं पायजे ना." मग हात जोडले, बॉनेट लावलं, वर येऊन बसले आणि किल्ली फिरवली.

दिवा लागला. इंजिन सुरू झालं. दिवा तसाच.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी नानांकडे. त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "उतरा समदे."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. मामा धावत पुढे आले. "अहो नाना, एक दिवा तर आहे, चला की. पोचल्यावर बघू." नाना म्हणाले, "मामा, ऑइल फिरत नसंल तर इंजिन जाम होतं. घाटात झालं तर? मागं लेकरंबाळं हायेत." वडिलांना त्यांनी दुसरी गाडी बघायला पाठवलं. पण ऐन लग्नसराईतला दिवस. त्या दिवशी द्वारकेवर रिकामी जीप तर सोडाच, रिकामी हातगाडी मिळाली नसती.

नाना कामाला लागले. ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून बघितली. ऑइल बरोबर होतं. दोन बोटांत चोळून, हुंगून बघितलं, तेही बरोबर. नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली झोपले, कुठे गळत नव्हतं. इंजिन सुरू करून पान्याचं एक टोक त्याला आणि दुसरं कानाला लावलं. म्हणाले, "आवाज तर साजूक हाय." ऑइलचा दाब कमी झाला की दिवा लावणारं एक छोटं बटण इंजिनाच्या कुशीत असतं. त्याची वायर काढली, दिवा विझला. वायर लावली, दिवा लागला. म्हणजे एकतर ते बटण खराब, नाहीतर ऑइल खरोखरच फिरत नाही. ओळखीच्या ड्रायव्हरकडून त्यांनी दुसरं बटण आणून बसवलं. दिवा लागलेलाच. आता नानांचा चेहरा उतरला. दुसरा अर्थ खरा असला तर इंजिन खोलावं लागणार होतं, आणि ते आजच्या आज होणारं काम नव्हतं.

ऊन चढलं होतं. गाणी केव्हाच थांबली होती. आई पदरानं डोळे पुसत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर सटाण्याच्या मांडवातून उठून चाललेले चुलतसासरे दिसत होते. मी खाली उतरून नानांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. नाना काम करताना तो हार एका हातानं हळूच बाजूला धरत होते आणि काम झालं की होता तसाच परत नीट बसवत होते. मग वर जाऊन इंजिन सुरू करत होते. प्रत्येक वेळी हेच.

मी म्हणाले, "नाना, तो हार काढून बघा ना."

"तसं नाय करायचं ताई. मुक्कामाला पोचल्याबिगर इंजिनाचा हार काढत नसत्यात. त्यात तुझ्या लग्नाचा. अपशकुन व्हईल."

"माझ्या लग्नाचा आहे ना? मग मीच काढते."

शालू खोचला, बंपरवर चढले आणि हार ओढला. तो निघेना. हात घालून पाहिलं तर दोऱ्याऐवजी हाताला तार लागली. जड हार दोऱ्याला पेलणार नाही म्हणून नानांनी तो चांगला तारेनं आवळून बांधला होता. तारेचं एक टोक नळीला गुंडाळलेलं होतं आणि दुसरं नेमकं त्या बटणाच्या डोक्यावर टेकलेलं होतं. बटणानं लावायचा तो दिवा, वीज परस्पर इंजिनाला पोचवून, ती तारच लावत बसली होती. मी तार सोडवून हार नानांच्या हातात दिला.

नानांनी तार बघितली, बटण बघितलं, आणि मटकन बंपरवर बसले. "म्हंजी ताई, ह्ये मीच केलं का?"

मला हसू यायला लागलं आणि हसताहसता रडूही यायला लागलं. नाना उठले, वर गेले, किल्ली फिरवली. दिवा लागला. स्टार्टर मारला. दिवा विझला. पण नाना ते नानाच, त्यांनी इंजिन बंद करून सगळं पुन्हा एकदा केलं आणि मगच वऱ्हाडाला हाक मारली.

वाटेत मामांनी सगळ्यांना पढवलं की विचारलं तर टायर फुटला म्हणून सांगायचं. सटाण्याला पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. चुलतसासरे मांडवाच्या दारात पायांत चपला घालून उभे होते. सासरे पुढे आले आणि काळजीनं त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "गाडीमा काय बिघाड शे का?" मामा तोंड उघडणार, तेवढ्यात नाना खाली उतरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मळलेला सदरा, हाताला काळं ऑइल.

"गाडीत बिघाड नव्हता. इंजिनाला हार मी तारेनं बांधला, त्यानं दिवा लागला. त्याचं कारण कळंना म्हनून मी गाडी हलवली नाय. चूक माझी हाय. पोरीची नाय, शेठचीबी नाय."

मग सासरे एकदम हसायला लागले. पोटभर हसले. त्यांचे कांद्याचे ट्रक घाटात रात्र रात्र पडून राहिले होते, ड्रायव्हरांनी सांगितलेली हजार कारणं त्यांनी ऐकली होती, पण हारानं गाडी अडवली आणि ती अडवणारा स्वतःच कबूल झाला, हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी थोरल्या भावाचा हात धरला आणि म्हणाले, "दादा, चपला काढा. सून सुखरूप आली, हाच मुहूर्त." गुरुजींनी पंचांग उघडून गोरज मुहूर्त काढून दिला. चुलतसासरे कुरकुरले, पण पंगत वाढली होती आणि जिलबी गरम होती, त्यामुळे ते बसले. पाहुणे आधी जेवले आणि आमचं लग्न नंतर लागलं. आम्ही दोघं तेवढे संध्याकाळपर्यंत उपाशी. याचा हिशेब नवरा मला अजून ऐकवतो.

मंगलाष्टकं व्हायच्या आधी मी नानांना शोधलं, तर ते मांडवाच्या कोपऱ्यात बायकांकडून सुईदोरा मागून बसले होते. हारातला झेंडू काढून एकेक फूल दुहेरी दोऱ्यात ओवत होते. तो हार मग परत इंजिनाला गेला.

पुढे वडिलांनी ट्रक विकला आणि नाना पेठकडे आपल्या गावी जाऊन राहिले. दोन हजार सालानंतर आम्ही नवी पिकअप घेतली, ती त्यांना दाखवायला मुद्दाम घेऊन गेलो. किल्ली फिरवल्यावर समोर दिव्यांची रांगच लागली. नाना म्हणाले, "ही गाडी चालवायची का हिची दिवाळी करायची?" पण सगळे दिवे विझेपर्यंत त्यांनी नवऱ्याला गाडी हलवू दिली नाही. त्याच वर्षी त्यांच्या छातीत जरा दुखलं, तर ते स्वतःहून एसटीत बसून नाशिकला डॉक्टरांकडे आले. "दिवा लागलाय, बघून घ्या." डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि गॅस झाल्याचं सांगितलं. नाना खूश होऊन आम्हाला फोन करून म्हणाले, "तारच व्हती."

त्यानंतर ते बरीच वर्षं छान जगले. गेले ते झोपेत, काहीही न कळवता. आयुष्यभर दिव्याची वाट बघणाऱ्या माणसानं जाताना एकही दिवा लावू नये, याचा मला फार राग आला आणि फार रडू आलं.

आम्ही पेठकडे पोचलो तेव्हा त्यांचा फोटो भिंतीवर लावला होता. जाताना मी झेंडूचा हार नेला होता, जाड, मनगटाएवढा. त्यांच्या पुतण्यानं तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाला, "लय जड हाय ताई, थांबा, तार आणतो."

"तार नको," मी म्हणाले. "दोरा द्या."

आणि दोरा येईपर्यंत मी तो हार हातात धरून उभी राहिले.