हर्सूलच्या तळ्यात बुड्या मारणारा

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. दर रविवारी सकाळी मी हर्सूलच्या तळ्यावर पोहायला जात असे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एकजण तिथे निव्वळ हौसेने बुड्या मारायला येई. छातीवर दोनदा पाणी मारून तो खाली जाई आणि मी काठावर घड्याळ बघत बसे. एकदा तो एक मिनिट पन्नास सेकंद खाली राहिला.

वर आला की धापा टाकत हसायचा. "साहेब, मरळ मासळीनं पिल्लं काढलीत. लाल पिल्लांचा गोळाच हाय, अन् ती खालून राखण करायलीय. हात नेला तर अंगावर आली. लई तिखट बाई!" कासव मात्र आपल्याला पाहून पळत नाही, याचा त्याला अभिमान होता.

सहा महिने असे गेले. मग नामांतरावरून शहरात दगडफेक झाली. पुढच्या रविवारी तो अंग पुसत असताना मी सहज विचारल्यासारखे विचारले, "तुमचं आडनाव काय हो?"

त्याचा हात थांबला. "आजवर पाण्यात काय दिसलं ते इचारलंत, साहेब. आज माझ्यात काय दिसलं?"

आडनावावरून तो कोणत्या जातीचा ते मला ताडायचे होते, आणि ते त्याला कळले होते. सदरा चढवून तो सायकलवर गेला. पुढे तो समोरच्या काठावरून पाण्यात उतरू लागला. तिथवर चालत जाऊन माफी मागायला मला दहा मिनिटे लागली असती. मी गेलो नाही.

त्याचे नाव मी सहा महिन्यांत कधीच विचारले नव्हते. विचारले ते थेट आडनाव.