आमचं घर, आपलं घर

माझी धाकटी जाऊ सेबूची आहे. सेबू हे फिलिपिन्समधलं एक बेट, हे मला त्यांच्या लग्नाची बातमी आली तेव्हा कळलं. धाकटे दीर दुबईच्या एका हॉटेलात स्वयंपाकी, ती तिथंच रिसेप्शनवर. तिला दिवस गेले तेव्हा दीर तिला बाळंतपणासाठी सास्तूरला, आमच्या घरी, सोडून कामावर परत गेले.

तिची मराठी थोडी नवऱ्याकडून, थोडी माझ्याकडून शिकलेली. तिच्या सेबुआनो भाषेत क्रिया आधी येते आणि माणूस नंतर. त्यामुळं ती म्हणायची, "खाल्लं मी केलं." तिला केळं म्हणायचं असायचं, पण ळ काही तिच्या जिभेवर बसत नव्हता. ‘तो’ आणि ‘ती’ या दोन्हींना तिच्याकडं एकच शब्द, ‘सिया’. म्हणून नवऱ्याचा फोन येऊन गेला की ती आनंदानं सांगायची, "बोलली तो!" सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

तपासणीला मी तिला स्कूटीवर बसवून गावातल्या दवाखान्यात न्यायची. तिथल्या सिस्टर केरळच्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीला आल्या आणि इथंच राहिल्या. त्यांचा ळ आमच्यापेक्षा खणखणीत, क्रियापदही आमच्यासारखं शेवटी. पण मल्याळममध्ये वस्तूंना ‘तो’ किंवा ‘ती’ नसतं, म्हणून इतकी वर्षं काढूनही त्या ‘ती पलंग’ आणि ‘तुझा गोळी’ म्हणायच्या. माझं माहेर उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरचं, घरात कानडी. ‘नाही’ला त्यांचं ‘इल्ला’ आणि आमचं ‘इल्ल’, त्यामुळं त्यांचं मल्याळम मला जरा तरी कळायचं. जावेच्या भाषेत धरायला काहीच नव्हतं. एक साबण तेवढा सापडला, त्याला ती ‘साबोन’ म्हणते.

सातव्या महिन्यात सासूबाईंनी हौसेनं डोहाळजेवण केलं. येरमाळ्याहून त्यांची बहीण आली, गल्लीतल्या बायका आल्या. ओटी भरून झाल्यावर जावेला काहीतरी बोलायचं होतं. आदल्या दिवसापासून ती मनाशी पुटपुटत होती. तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, हे आमचं घर. येणार आमचं बाल."

येरमाळ्याच्या मावशी सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "वेगळी निघाली की गं तुझी सून."

सासूबाईंनी हात सोडवून घेतला.

पाहुण्या गेल्यावर त्या भांडी आवरता आवरता मला म्हणाल्या, "आमचं म्हनं. मग आमी कोन? पाव्हनं?" एक घर त्यांच्या डोळ्यांदेखत भूकंपात गेलेलं. पुनर्वसन वसाहतीतलं हे दुसरं घर त्यांनी खोली खोली करत उभं केलं. त्यांना ते लागलं यात नवल नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही लागलं. पण वाक्यात नेमकं काय चुकलं, हे मला सांगता येईना. ‘आमचं’ तर मीही रोज म्हणते.

पुढचे काही दिवस सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिला कारण कळेना. ती खोलीत बसून राहायला लागली, जेवण कमी झालं. पुढच्या तपासणीला रक्तदाब वाढलेला निघाला. सिस्टरनी विचारलं तशी ती रडायलाच लागली. मग मीच सगळं सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, "अगं, हे भांडण नाही. हे व्याकरण आहे." मग तिच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आमच्या मल्याळममध्ये दोन आहेत. ‘नम्मुडे वीडु’ म्हणजे माझं घर आणि तुझं पण. ‘ञंगळुडे वीडु’ म्हणजे आमच्या लोकांचं घर, तुझं नाही. तुझ्या भाषेत असं आहे?"

जावेनं डोळे पुसले. "आहे. आतोंग बालाय, तुझं पण. आमोंग बालाय... तुझं नाही."

"मग सासूला तू काय म्हणालीस? ‘आमचं’ म्हणजे ‘आमोंग’."

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. फोनवर नवरा मित्रांना ‘आमचं घर, आमच्या गावाकडं’ असं सांगायचा. तेवढं ऐकून तिनं शब्द उचलला होता.

"आणि ‘आतोंग’?" तिनं मला विचारलं.

"आपलं," मी म्हणाले. जन्मभर हे दोन शब्द वापरले, पण त्यांच्यामध्ये अशी भिंत आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तेही समुद्रापलीकडच्या आणि दक्षिणेकडच्या अशा दोन भाषांमुळं, ज्यांचं एकमेकींशी काही नातं नाही.

घरी सासूबाई ज्वारी निवडत होत्या. जाऊ पोट सावरत त्यांच्यासमोर खाली बसली. "आई, चुकला शब्द. आपलं घर. आपलं बाल. तुमचं पण."

सासूबाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सिस्टरनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"तिच्या मुलखातबी असंच म्हनत्यात?"

"व्हय."

"मंग मावशीला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिनं गावभर केलं असंल." मग जावेला म्हणाल्या, "खाली नको बसू, उठताना तरास हुतो. खुर्ची घे."

एवढ्यानं सगळं मिटलं असं नाही. नंतरही गैरसमज झाले, दोन्हीकडून रुसवे झाले. पण सासूबाई आता आधी विचारायच्या, "तुला काय म्हनायचंय, ते सांग बरं."

मुलगी झाली. सिस्टरनी तिला सासूबाईंच्या हातात दिली. पुढं सिस्टर निवृत्त होऊन केरळात गेल्या. जाऊ अजून त्यांना फोन करते. दोघींना इंग्रजी येतं, तरी बोलतात मराठीतच. एकीचं क्रियापद पुढं पळतं, दुसरीचा पलंग बाईमाणूस होतो, आणि तासभर हसणं चालतं. परवा सासूबाईंनी मध्येच फोन ओढून घेतला आणि विचारलं, "सिस्टर, तिकडं ज्वारी मिळती का? पाठवून देऊ?"