दिगूच्या नावावरची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही दिगूला ओळखत नाही म्हणून असेल. तुमच्याकडे बघताना मला त्याचा चेहरा दिसत नाही, एवढंच कारण.

दिगू म्हणजे दिगंबर. कणकवलीजवळच्या आमच्या गावचा, आमच्याच वाडीतला. पुढेमागे दोघंही कुवेतला आलो. मी बँकेत, संगणकाच्या कामाला. तो बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंटंट. मी जाब्रियाला बायको आणि मुलीसोबत राहतो; तो बनेद अल-गारला एका खोलीत एकटा राहायचा, घरदार गावीच. त्याच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. "ह्येका समुद्र म्हणतत? ह्या तर तळा!" असं तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, आणि स्वतः मात्र तासन्‌तास त्याच पट्टीकडे बघत बसायचा.

शुक्रवार आमचा असायचा. सकाळी शूटिंग रेंजवर जायचं, भाड्याची रायफल घेऊन कागदावर गोळ्या झाडायच्या. मग गाडी काढून वफ्राला, शेतावरची वांगी-टोमॅटो आणायला. येताना दिगू टोमॅटो पँटला पुसून तसाच खायचा, मिठाची पुडी खिशात असायची त्याच्या. दुपारी त्याच्या खोलीवर बांगड्याची कढी आणि भात. मी आजही वफ्राला जातो, टोमॅटो आणतो. शेजारच्या सीटवर कुणी नसतं, आणि मला इतकी आठवण येते त्याची, की परतीच्या रस्त्यावर मी रेडिओसुद्धा लावत नाही.

दिगूचा नेम — तो कसा सांगू? त्याच्या वडिलांकडे रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची बंदूक होती. त्यांच्यामागे फिरून तो शिकला. तो घाई करायचा नाही. रेंजवर आमच्या पाच गोळ्या होईपर्यंत त्याची एक व्हायची, आणि ती नेमकी मध्यावर असायची. मी? मी बरा होतो. बरा असणं मला पुरायचं नाही, हेही आताच सांगून टाकतो.

अमेरिकेचं खूळ त्याच्या कंपनीतल्या कुवेती मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, घातलं. तो दरवर्षी वायोमिंगला शिकारीला जायचा. त्यानं प्रॉन्गहॉर्नचे फोटो दाखवले. दिसायला हरणासारखा, पण हरीण नव्हे. पांढरं ढुंगण, शिंगाला पुढे आकडा, आणि पळायला लागला की मोटार मागे पडेल असा. दिगू वेडा झाला. आपल्याकडे हरणावर बंदूक रोखणं हा गुन्हा आणि पाप, दोन्ही. तिकडे परवाना काढून, रीतसर, भर उजेडात! दोन वर्षं आम्ही दुसरं काही बोललो नाही. व्हिसा झाले, परवाने निघाले, मुदीरनं त्याच्या ओळखीचा वाटाड्या गाठून दिला. विमानात दिगूनं मला झोपू दिलं नाही.

वाटाड्याचं नाव वेन. म्हातारा, कमी बोलणारा. बंदुका त्याच्याच. त्याचे नियम दोन. एका वेळी एकानंच गोळी झाडायची, दुसऱ्याची बंदूक रिकामी. आणि रक्त सांडलं की शिकार संपली — जनावर हाती लागो वा न लागो, तुमचा परवाना खर्ची पडला. दुसरा नियम ऐकून आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आमच्या गावातही हेच आहे ना! घायाळ जनावर टाकून आलेला माणूस शिकारीच्या वाट्याला हात लावत नाही, आणि देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुन्हा बंदूक उचलत नाही. इतक्या लांब, त्या उजाड माळावर, आपल्या गावचा कायदा भेटला म्हणून दिगूला कोण आनंद झाला.

पहिल्या सकाळी नाणं उडवलं. पाळी दिगूची आली. वारा बोचत होता, सेज नावाच्या झुडपांचा कापरासारखा वास सुटला होता. उंचवट्याच्या पलीकडे कळप चरत होता. तीन डोकी दिसली तर जनावरं उधळतील म्हणून वेन खाली घळीत थांबला, आणि आम्ही दोघं पोटावर सरपटत वर गेलो. एक मोठा नर. त्याच्या डावीकडे, थोडा मागे, एक लहान नर. दिगू मोठ्यावर नेम धरून पडून राहिला, त्याच्या सवयीनं, शांत.

आणि मी — माझी बंदूक रिकामी असायला हवी होती. नव्हती. सरपटण्याआधी, कुणाचं लक्ष नसताना, मी ती भरली होती. का भरली? त्याची चुकली तर मी मारीन, असा काहीतरी विचार होता. चुकावी असंही वाटत होतं का? हो. वाटत होतं.

दिगूची पहिली गोळी खाली गेली. मातीचा लोट उठला, कळप पळाला — आणि ही जनावरं म्हणे करतात तसं — थोडं जाऊन सगळी थांबली, मागे वळून आमच्याकडे बघायला लागली. दिगूनं झटकन बोल्ट ओढून दुसरी गोळी चढवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला घाई करताना पाहिलं. त्यानं मोठ्या नरावर गोळी झाडली. त्याच क्षणी मी लहान नरावर झाडली.

दोन बार एकात एक मिसळले. आमच्या कानात बोळे होते, दिगूच्या खांद्याला धक्का बसलेला, डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीवरून सुटलेला. त्यानं वर बघितलं तेव्हा मोठा नर धडधाकट पळत होता आणि लहान नराचा मागचा पाय लोंबत होता. तीन पायांवर तो कळपामागे जात होता, मागे पडत होता, पुन्हा जात होता.

"अरे देवा, भलत्याकच लागली," दिगू म्हणाला.

माझ्यात काय चाललं होतं त्या वेळी? मला बरोबर आठवतं. नियम मोडला, हे वेनला कळेल. माझी शिकार संपेल. दोन वर्षांची वाट, आणि मी हात हलवत परत जाणार. हे सगळं एका दमात डोक्यात आलं. मी नळीतलं रिकामं काडतूस काढलं, मुठीत धरलं, झुडपात टाकलं. गरम होतं. वेन वर आला, त्यानं काय झालं म्हणून विचारलं. दिगूनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी मान हलवली.

बस्स. एवढंच केलं मी. मान हलवली.

दिवसभर आम्ही माग काढला. सुरुवातीला झुडपांवर रक्ताचे थेंब होते, मग खडकाळ जागा लागली आणि थेंब संपले. दिगू गुडघ्यांवर बसून दगड न् दगड बघत होता. पाणी प्यायला थांबला नाही. संध्याकाळी वेननं टोपी काढली आणि पुरे म्हणाला, तेव्हा दिगू तिथंच माळावर उकिडवा बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कसा ठेवला असेल हो तो हात मी?

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. दिगू माझ्या शेजारी पडून वारा सांगत होता, अंतर सांगत होता. श्वास सोड, मग ओढ, असं कानात म्हणत होता. मी नर मारला, एका गोळीत. फोटो त्यानंच काढला. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लागला आणि आलागेला विचारायला लागला.

मग मी काय केलं असेल? गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी त्याची गोष्ट करून सांगायला लागलो. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला, कुणाच्या वाढदिवसाला, हातात प्लेट घेऊन — आमच्या दिगूशेठनी नेम धरला सासऱ्यावर आणि लागला जावयाला! लोक पोट धरून हसायचे. माझी मुलगी तर मागे लागायची, "डॅडी, टेल द दिगूकाका वन!" दिगूही हसायचा. हसून झालं की कुणाला काही हवंय का बघायला आत जायचा. रेंजवर यायचं त्यानं बंद केलं होतं. शुक्रवारी वफ्राला यायचा, कढी करायचा, पण सकाळचं विचारलं की म्हणायचा, झोप येते रे.

एका मे महिन्यात आम्ही दोघं एकदमच गावी होतो. दिगूनं देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मला म्हणाला, तू ये, तू थंय होतंस. गेलो. नारळ त्याच्या हातात होता, ज्याच्या हातून झालं त्यानंच तो धरायचा असतो. मानकरी गाऱ्हाणं घालायला लागले — बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या हातसून, दूर मुलखात, एका मुक्या जनावराक इजा झाली आसा, ती पोटात घाल... आणि जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!"

मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. दिगूच्या मागे, हात जोडून उभा राहून, त्याच्या मानेवरचा घाम बघत. देवाच्या पुढ्यात, ते देऊळ, तीच माणसं, ज्यांच्यात मी वाढलो. तेव्हा एक पाऊल पुढे टाकून तो नारळ माझ्या हातात घ्यायचा होता. पाऊल उचललं नाही. देवावर माझा विश्वास आहे, म्हणून हे आणखी वाईट.

पुढे त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला, दिगू कायमचा गावी गेला. त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. बनेद अल-गारच्या त्याच्या खोलीच्या गॅलरीत आता दुसऱ्या कुणाचे शर्ट वाळत असतात. मी कामाशिवाय त्या रस्त्यानं जातो. तो इथं असता तर मी सांगितलं असतं का? नसतं. तरीही तो इथं असावा असं वाटतं, रोज वाटतं. इतका जवळचा माणूस मला दुसरा मिळाला नाही, आणि आता मिळणारही नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. डुकरांनी वाडीतल्या सगळ्यांची शेतं उकरून टाकलीत. वनखात्याची परवानगी मिळाली आहे, लोक त्याला बोलवायला दारात येतात, कारण वडिलांची बंदूक त्याच्या नावावर आहे आणि त्याच्याइतका नेम तिथं कुणाचा नाही. तो जात नाही. देवानं मोकळं केलं, पण हात उचलत नाही म्हणाला. त्याची बायको म्हणते, तुझी काही चूक नव्हती. पोरं म्हणतात, बाबा, विसरा आता.

 मग म्हणाला, "तू थंय होतंस, म्हणान तुका इचारतंय. खरा सांग. मी घाई केलंय काय रे?"

मी जाब्रियाच्या माझ्या दिवाणखान्यात उभा होतो. बायको स्वयंपाकघरात होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. तोंड उघडायला काही हरकत नव्हती.

"वायच केलंस," मी म्हणालो.

दिगूनं श्वास सोडला. "खरा बोललंस," तो म्हणाला. "बरा वाटला माका. बाकीची सगळी माजा मन राखूक बोलतत."