लुसैलमधली गिरकी

निघताना मी रडले नाही. विमानतळावर जाऊबाईंच्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या होत्या. "तीन महिन्यांनी येतेच आहे, परतीचं तिकीट पर्समध्ये आहे," अशी मीच त्यांची समजूत घालत होते. "अगं, नवऱ्याकडे चाललीस आणि परतीचं तिकीट काय मिरवतेस?" त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या तिकिटाच्याच जिवावर मी विमानात चढले.

हे कतारला गेले तेव्हा आमचा मुलगा पहिलीत होता. "दोन वर्षांचं तर काँट्रॅक्ट आहे," म्हणाले होते. त्या दोनाची किती झाली ते मोजणं मी कधीच सोडलं. यांचा संसार दोह्यात, माझा नाशकात. सासूबाईंचं दुखणंखुपणं, मुलाच्या परीक्षा, गळके नळ, सगळं निभावलं. हे वर्षाकाठी महिनाभर यायचे, पाहुण्यासारखे. सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला गेला, तेव्हा यांनी मला बोलावलं.

दोह्याला लागूनच असलेल्या लुसैलमधला यांचा फ्लॅट चकाचक, खिडकीतून ट्राम दिसते. पण आत दोन परकी माणसं. यांना चहात साखर किती लागते तेही मला विचारावं लागलं. हे स्वतःचा कप स्वतःच धुवून ठेवायचे, आणि मला उगीच अपमान वाटायचा. जेवताना बोलणं मुलाच्या सबमिशनवरून सुरू व्हायचं आणि तिथेच खलास. मी तिकिटाच्या तारखेकडे डोळे लावून बसले. यांनाही ते कळत असावं. पण थांब म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

एका शनिवारी हेच म्हणाले, "खालच्या हॉलमध्ये नाच शिकवतात. यल्ला, चल." मला हसूच आलं. भावाच्या वरातीतसुद्धा न नाचलेला हा माणूस!

शिकवणारी मार्था अमेरिकन, साठीची, शेजारच्या इमारतीतली. नाचाचं नाव कॉन्ट्रा डान्स. दोन रांगांत समोरासमोर उभं राहायचं आणि मार्था ओरडून सांगेल तसं चालायचं, वळायचं. नवख्यांचे तिने चौघाचौघांचे गट केले. आमच्यात वरच्या मजल्यावरचे केरळी थॉमस आणि त्यांची बायको शीबा. हात धरून गोल फिरणं, पाठमोरं एकमेकांना वळसा घालणं, एवढं जमलं. मग आली स्विंग, म्हणजे जोडीनं गिरकी. मी सवयीनं हातांची अढी घातली आणि मागे झुकले. फुगडीच ती! मार्था धावत आली, हात सोडवले. चक्कर येऊ नये म्हणून जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं, म्हणाली.

चारचौघांत नवऱ्याच्या डोळ्यांत? मी जमिनीकडे बघत फिरले, गरगरलं, आणि माझा पाय यांच्या पायावर पडला. झालं! मी तिथल्या तिथे वाकून यांच्या पायाला हात लावून नमस्कार केला. शेजारी फिरणारे थॉमस-शीबा आमच्यावर आदळले. मार्थाला वाटलं मला लागलं. यांनी तिला समजावलं, आमच्यात कुणाला पाय लागला की असा नमस्कार करतात.

"सगळेच?" तिनं विचारलं.

"सगळेच," हे म्हणाले.

पुन्हा सुरुवात. या वेळी यांचा बूट माझ्या बोटांवर. मी "असू दे" म्हणेपर्यंत हे खाली वाकलेसुद्धा. बायकोपुढे वाकलेला नवरा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"अहो, काय करताय! लोक बघताहेत."

हे उठले तेव्हा डोळे भरलेले होते. "पायाचं नाही गं," हळूच म्हणाले. "आईचं, पोराचं, सगळं तू एकटीनं केलंस. मी कधी बोललोच नाही."

"स्विंग!" मार्था टाळ्या वाजवत ओरडली. मी यांच्या डोळ्यांत बघितलं. खरंच चक्कर आली नाही.

जाऊबाईंना फोनवर सांगितलं, "रागावू नका, तिकिटाची तारीख मी जाऊ दिली." नाशिकच्या घराची आठवण अजून येते. पण त्या घरात मी इतकी वर्षं वाटच बघत होते. इथे रोज संध्याकाळी हे कामावरून येऊन दारात उभे राहतात, आणि सुट्टी किती दिवसांची, असं मला विचारावं लागत नाही.