मिठाची पुडी

धुळ्याच्या आमच्या ऑफिसात नरडाण्याहून येणारे एक कारकून होते. त्यांच्या डब्यात रोज मोड आलेली मटकी, काकडी, मुळा, कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे. पाणी सुटू नये म्हणून मीठ वेगळ्या पुडीत आणत. आम्ही त्या डब्याला वैरण म्हणायचो.

एकदा गंमत म्हणून मी ती पुडी खिशात घातली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं अळणीच सावकाश चावून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पुड्या आणल्या. एक माझ्यापुढे सरकवत म्हणाले, “भाऊ, काल तुमच्या डब्यात मीठ कमी पडलं असेल.”

माझी भाजी नेमकी खारट झाली होती. तरी मी ती पुडी भाजीवर रिकामी केली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.